दारावरची डहाळी

नाताळ जवळ आला की वसई-मुंबईकडील अनेक ख्रिस्ती घरांतून एक जुनी बरणी बाहेर निघते. काळ्या मनुका, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून तिचे तोंड फडक्याने बांधले जाते. मग घरातील वडीलधारी बाई दिवस मोजू लागते. मुले फडके बाजूला सारून वास घेऊ पाहतात व बोलणी खातात. त्या बरणीभोवतीची उत्सुकता ज्यांनी लहानपणी अनुभवली, त्यांना नोव्हेंबरच्या थंडीत व्हिएन्नाच्या उपनगरांतील माणसे कशाची वाट पाहत असतात, हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. तेथील प्रतीक्षा मात्र साऱ्या गावाची असते. तिच्यामागे एका संताचा सण आहे, एका सम्राटाचा हुकूम आहे आणि आपले पीक आपण विकावे या साध्या हक्कासाठी शेतकऱ्याला किती काळ ताटकळावे लागले, याची हकिकतही आहे.

ऑस्ट्रियाची ही राजधानी एका बाबतीत इतर राजधान्यांहून वेगळी आहे. शहराच्या हद्दीतच सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षमळे आहेत. ट्राम जेथे संपते तेथे ग्रिन्झिंग, नॉयश्टिफ्ट, श्टामर्सडोर्फ अशी एके काळची खेडी लागतात. रस्त्याला लागून बुटकी घरे, मागे अंगण, अंगणाखाली तळघर आणि टेकडीवर द्राक्षांच्या रांगा. यांतील एखाद्या घराच्या दारावर लांब काठीला पाइनची हिरवी डहाळी बांधलेली दिसली, की समजावे : या घरचा द्राक्षारस तयार आहे, आत यावे. डहाळी नसेल तर दार बंद. इतकी सोपी जाहिरात जगात दुसरी क्वचितच असेल.

अशा घराला आणि तेथे मिळणाऱ्या द्राक्षारसाला एकच नाव आहे : 'हॉयरिगर'. 'हॉयर' म्हणजे यंदा. हॉयरिगर म्हणजे यंदाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे खुडली जातात, त्यांचा रस काढून पिंपांत भरला जातो आणि तो आंबू लागतो. या अर्ध्या वाटेवरच्या, गढूळ, गोडसर आणि फसफसणाऱ्या रसाला तेथे 'श्टुर्म' म्हणजे वादळ म्हणतात. तो बाटलीत गच्च बंद करता येत नाही. केला तर बाटली फुटते. याच दिवसांत तळघरात कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून जुने लोक हातात पेटती मेणबत्ती घेऊनच खाली उतरत. ज्योत विझली की मागे फिरायचे. मागे न फिरलेल्यांच्या गोष्टी द्राक्ष पिकवणाऱ्या बहुतेक मुलखांत सांगितल्या जातात.

श्टुर्म पिण्याचा एक गमतीचा शिष्टाचार आहे. पेल्याला पेला भिडवायचा नाही, नेहमीचे शुभचिंतन करायचे नाही. कोणी तर पेला डाव्या हातात धरतात. कारण विचारले तर उत्तर मिळते, 'अजून त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही.' हा बाप्तिस्मा होतो तो संत मार्टिनच्या सणाच्या आगेमागे. गावातले लोक जमतात, धर्मगुरू नव्या द्राक्षारसावर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात आणि एखाद्या प्रतिष्ठित पाहुण्याला त्या द्राक्षारसाचा धर्मपिता नेमून त्याच्याकडून नाव ठेवले जाते. पवित्र संस्काराचे नाव असे थट्टेत वापरलेले काही वाचकांना रुचणार नाही. धर्मगुरू तेथे आशीर्वादच देतात, स्नानसंस्कार नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. शेजारच्या इटलीत आणि फ्रान्समध्ये द्राक्षारसाला 'बाप्तिस्मा देणे' याचा अर्थ त्यात गुपचूप पाणी मिसळणे असा आहे. कोठल्या देशात आपण हा शब्द उच्चारतो, याचे भान ठेवलेले बरे!

परंपरेने ११ नोव्हेंबर हा दिवस सीमारेषेसारखा आहे. त्या दिवशी नवा रस 'यंदाचा' ठरतो आणि कालपर्यंत जो यंदाचा होता तो एका रात्रीत 'जुना' होतो. पिंप तेच, तळघर तेच. पण नाव बदलते.

हाच दिवस का? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संत मार्टिनचा जन्म चौथ्या शतकाच्या आरंभी पॅनोनिया प्रांतातील सावारिया येथे झाला. हे आजच्या हंगेरीतील सोम्बातहेय, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सीमेवरचेच गाव. तो रोमन सैन्यात शिपाई होता. आमियाँच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, ही कथा आपल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या झग्याला लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणत. तो पुढे जेथे जपून ठेवला गेला त्या जागेला मिळालेल्या नावावरूनच 'चॅपल' हा शब्द आला. ३७१ साली मार्टिन तूरचा बिशप झाला. ३९७ मध्ये ८ नोव्हेंबरला त्याचे निधन झाले व ११ तारखेला त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्या गाढवाने मठातील द्राक्षवेली कुरतडल्या, आणि पुढच्या वर्षी त्याच वेलींना अधिक फळ आले, म्हणून माणसे वेलींची छाटणी शिकली, अशीही एक दंतकथा आहे. ती फारशी मनावर घेऊ नये. मार्टिनच्या दोनशे वर्षे आधी पाउसानियास या ग्रीक प्रवाशाने एका ग्रीक गावातील गाढवाबद्दल हेच लिहून ठेवले आहे. गाढव जुनेच आहे, फक्त धनी बदलला.

खरे कारण शेतीच्या वर्षात आहे. मध्य युरोपात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत धान्य कोठारात गेलेले असते, गुरे डोंगरावरून खाली आलेली असतात, नवा रस आंबून बऱ्यापैकी निवळलेला असतो. मार्टिनच्या सणाला खंड भरायचा, देणी चुकवायची, गड्यांचा वर्षाचा मेहनताना द्यायचा, असा रिवाज होता. त्यातच ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेची भर पडली. ५८१ साली माकों येथे भरलेल्या धर्मपरिषदेने मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत सोमवार, बुधवार व शुक्रवार उपवास करावा असे ठरवले. आजच्या आगमनकाळाची ही जुनी पूर्वपीठिका होय. दीर्घ उपवास समोर असला की आदल्या दिवशी माणसे पोटभर जेवतात. म्हणून मार्टिनच्या सणाला भाजलेले हंस आणि नवा द्राक्षारस. हंसांचा दोष एवढाच की बिशप होण्याचे टाळण्यासाठी लपून बसलेल्या मार्टिनला त्यांनी म्हणे ओरडून पकडून दिले.

आपल्या नाशिककडे द्राक्षे जानेवारी ते मार्च या दिवसांत काढली जातात आणि तेथील नवी वाइन ऐन उन्हाळ्यात आकाराला येते. तिला ना मार्टिन लाभला ना उपवासापूर्वीची मेजवानी. सण आणि पीक यांची गाठ पडायला हवामान लागते.

आता त्या डहाळीकडे वळू. द्राक्षे पिकवणारा शेतकरी आपल्या दारात आपला रस विकतो, यात विशेष ते काय, असे आज वाटेल. परंतु मध्ययुगात रस काढणे ही एक गोष्ट होती आणि तो विकणे ही दुसरी. शार्लमेनच्या काळातील राजकीय शेतांविषयीच्या आज्ञापत्रात द्राक्षमळे असलेल्यांनी द्राक्षांच्या तीन-चार 'माळा' ठेवाव्यात, असे एक वाक्य आहे. दारावर माळ टांगून द्राक्षारस विकण्याची ही पहिली नोंद, असे ऑस्ट्रियन व जर्मन लोक अभिमानाने सांगतात. काही अभ्यासक मात्र म्हणतात की त्या माळा हिवाळ्यासाठी टांगून ठेवायच्या द्राक्षघडांच्या असाव्यात. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. अर्थात पहिला अधिक आवडतो.

पुढील शतकांत विक्रीचा हक्क सरदार, मठ आणि नगरांतील परवानाधारक खाणावळवाले यांच्या हाती एकवटत गेला. फ्रान्समध्ये तर 'बांव्हँ' नावाचा सरंजामी हक्कच होता. वर्षातील ठरावीक आठवडे फक्त मालकाचाच द्राक्षारस विकला जाई आणि तोवर रयतेने आपली पिंपे बंद ठेवायची. मालकाला चढा भाव मिळाला, त्याची पिंपे रिकामी झाली, की मग इतरांची पाळी. फ्रेंच राज्यक्रांतीने हा हक्क मोडीत काढला. जर्मन भाषक मुलखातही असे निर्बंध होते. शेतकऱ्याने वर्षभर वेली छाटायच्या, बांधायच्या, गारपिटीला तोंड द्यायचे, आणि पीक घरात आल्यावर मालकाच्या पिंपाचा तळ दिसण्याची वाट पाहायची! नव्या रसाची प्रतीक्षा तेव्हाही होतीच. पण ती पिणाऱ्याची हौस नव्हती, पिकवणाऱ्याचा जाच होता.

हा जाच संपवणारा हुकूम निघाला तो हाब्सबर्ग साम्राज्याच्या दूरच्या कोपऱ्यातील एका तक्रारीमुळे. आज इटली आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेवर असलेल्या गोरित्सिया परगण्यात देल्मेस्त्री या सरदार घराण्याने आपल्या हद्दीतील खाणावळींवर फक्त आपलाच द्राक्षारस विकण्याची सक्ती केली होती. लोकांनी गाऱ्हाणे थेट सम्राटापर्यंत नेले. सम्राट होता दुसरा जोसेफ, मारिया तेरेसाचा मुलगा. १७ ऑगस्ट १७८४ रोजी त्याने जे आज्ञापत्र काढले ते केवळ त्या एका परगण्यापुरते राहिले नाही. त्याचा आशय असा : स्वतः पिकवलेले अन्न, द्राक्षारस व फळांचा रस वर्षाच्या कोणत्याही वेळी, वाटेल तसा आणि वाटेल त्या किमतीला विकण्याची मुभा प्रत्येकाला आहे. त्यात सगळे वजन आहे ते 'स्वतः पिकवलेले' या दोन शब्दांवर. व्यापाऱ्याकडून घेतलेला माल या सवलतीत बसत नव्हता.

गोरित्सिया आणि त्रिएस्तच्या आसपास अशा घरांना आजही 'ओस्मित्सा' म्हणतात. 'ओसेम' म्हणजे स्लोव्हेनियन भाषेत आठ. वर्षातून आठ दिवस आपल्या घरी आपला द्राक्षारस विकण्याची परवानगी होती, त्यावरून हे नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. तेथेही खूण तीच. फक्त पाइनऐवजी बहुधा आयव्हीच्या वेलीची जुडी आणि तिच्याखाली वाट दाखवणारा लाल बाण.

आपल्यासारख्या वाचकांना या इतिहासात एक अवघड जागा लागते. शेतकऱ्याचे दार उघडणारा हा दुसरा जोसेफ म्हणजे तोच, ज्याने मठांची दारे बंद केली. जानेवारी १७८२ मध्ये त्याने शिक्षण किंवा रुग्णसेवा न करणाऱ्या, केवळ प्रार्थना-चिंतनात राहणाऱ्या संघांचे मठ विसर्जित करण्यास आरंभ केला. त्याच्या कारकिर्दीत सातशेच्या आसपास मठ बंद झाले. पोप सहावे पायस त्याचे मन वळवण्यासाठी मार्च १७८२ मध्ये स्वतः व्हिएन्नाला आले, महिनाभर राहिले. लोकांनी त्यांच्या दर्शनासाठी रस्ते भरून टाकले. सम्राटाने आदरसत्कारात काही कमी केले नाही, आणि आपल्या धोरणात काही बदलही केला नाही. मिरवणुका किती असाव्यात, वेदीवर मेणबत्त्या किती लावाव्यात, इथवर त्याचे नियम पोहोचले होते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक त्याची 'सॅक्रिस्टन' म्हणून टिंगल करी.

अशा माणसाविषयी काय मत बनवावे? मठांचे उत्पन्न त्याने एका धर्मनिधीत वळवले आणि त्यातून खेड्यापाड्यांत नवे धर्मग्राम उभे केले, हे खरे. शतकानुशतके जपलेली ग्रंथालये त्या धांदलीत विखुरली, हेही तितकेच खरे. मला वाटते, त्याला सरळ रेषा आवडत. मठाचा हक्क असो वा सरदाराचा, मध्ये जो येईल तो हटवायचा. शेतकऱ्याच्या बाबतीत ती रेषा नेमकी योग्य जागी पडली. आणि गंमत पाहा, सणांची संख्या कमी करू पाहणाऱ्या या सम्राटाने ज्या द्राक्षारसाला मोकळीक दिली, त्याचा हंगाम मात्र आजतागायत संतांच्या सणांवरच मोजला जातो.

त्याच्या तडाख्यातून जे मठ वाचले त्यांत व्हिएन्नाच्या उत्तरेचा क्लोस्टरनॉयबुर्ग होता. संत लिओपोल्ड या उमरावाने १११४ मध्ये त्याची स्थापना केली. ११३३ पासून तेथे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू आहेत, आणि द्राक्षमळेही तेव्हापासूनचेच. धर्मग्रामांची सेवा हे या संघाचे काम असल्याने सम्राटाला त्याला हात लावता आला नाही. तेथे १७०४ साली बनवलेले सुमारे ५६,००० लिटरचे एक प्रचंड लाकडी पीप आहे. १५ नोव्हेंबरला, संत लिओपोल्डच्या सणाला, माणसे एका बाजूने जिना चढून त्या पिंपावर जातात आणि दुसऱ्या बाजूने घसरत खाली येतात. आजोबा, नातवंडे, कधी पाहुणे धर्मगुरूही! मार्टिननंतर चारच दिवसांनी येणारा हा सण म्हणजे नव्या द्राक्षारसाचा दुसरा मुक्काम.

हॉयरिगरचा रिवाज पुढे कसा रुजला ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी गिऱ्हाइके घरून टोपलीत भाकरी, चीज, थंड मांस घेऊन येत व शेतकऱ्याच्या अंगणातील बाकांवर बसून त्याचा द्राक्षारस विकत घेत. मालकाने शिजवलेल्या जेवणाची सोय करायची नाही, कारण तो खाणावळवाल्याचा धंदा. अस्सल हॉयरिगरात आजही थंड पदार्थच प्रामुख्याने मिळतात. एका गावातील सगळी घरे एकाच वेळी उघडत नाहीत. कोणाची पाळी कोणत्या आठवड्यात, याचे पत्रक निघते. त्यामुळे जाणकार मंडळी दुकानांच्या याद्यांपेक्षा ते पत्रक जपून ठेवतात. अमक्या घराचा रस यंदा कसा उतरला, पाऊस नेमका खुडणीच्या वेळी आला होता तर आंबटपणा टिकला का, याच्या चर्चा महिनाभर आधीच सुरू होतात. मग एके दिवशी डहाळी लागते आणि ट्राममध्ये गर्दी होते. १८७८ मध्ये योहान आणि योसेफ श्रामेल या भावांनी आपला वादकमेळा काढला, तो याच अंगणांतून वाजत मोठा झाला. त्यांच्या आडनावावरूनच व्हिएन्नाच्या या संगीताला नाव मिळाले.

नव्या वाइनची वाट पाहणे म्हटले की जगाला मात्र फ्रान्समधील बोजोले आठवते. तेथील कथा निराळी आहे आणि थोडी बोधप्रदही. लिओंच्या उत्तरेकडील या टेकड्यांतला कोवळा लाल रस पूर्वी शहरातल्या खाणावळींत पिंपांतूनच जाई. १९५१ मध्ये डिसेंबरपूर्वी नवी वाइन बाजारात आणण्यास सरकारने मनाई केली, उत्पादकांनी आक्षेप घेतला, आणि त्याच नोव्हेंबरात बोजोलेला सूट मिळाली. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ही तारीख ठरली. मग बाटल्या प्रथम कोण पोहोचवतो याच्या शर्यती लागल्या. मोटारी, विमाने, टोकियोतील मध्यरात्रीच्या मेजवान्या. प्रतीक्षा हीच विकण्याची वस्तू झाली. मळे वाढले, रस पातळ झाला, आणि २००१ च्या हंगामानंतर दहा लाखांहून अधिक खोकी भरतील एवढी न खपलेली वाइन नष्ट करावी अथवा ऊर्ध्वपातनासाठी द्यावी लागली. त्यात नुकसान कोणाचे झाले? ज्याने शर्यतीत भाग घेतला नव्हता, त्या लहान मळेवाल्याचेही.

ऑस्ट्रियालाही असाच, किंबहुना याहून वाईट फटका आधी बसला होता. १९८५ च्या उन्हाळ्यात जर्मनीत उघडकीस आले की काही ऑस्ट्रियन वाइनमध्ये गोडी आणि दाटपणा भासावा म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळले आहे. सुदैवाने त्यामुळे कोणी दगावल्याची नोंद नाही. पण देशाचे नाव बुडाले. निर्यात जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कोसळली. भेसळ करणारे होते ते प्रामुख्याने मोठ्या प्रमाणावर माल गोळा करून मिसळणारे. पण शिक्षा भोगली ती ज्यांनी आयुष्यात ग्लायकॉलचे नावही ऐकले नव्हते अशा कुटुंबांनी. त्याच वर्षी अतिशय कडक कायदा झाला. पुढच्या काळात अनेक लहान घरांनी आपला रस व्यापाऱ्याला पिंपाने विकणे सोडून स्वतःच्या नावाने बाटलीत भरायला सुरुवात केली.

१७८४ च्या त्या दोन शब्दांचा दुसरा अर्थ येथे उमगतो. 'स्वतः पिकवलेले' ही शेतकऱ्याला दिलेली सवलत होती, तशीच ती पिणाऱ्याला दिलेली हमीही होती. ज्याने वेल छाटली तोच पेला पुढे करतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तुम्ही तो घेता. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, त्यामुळे या विषयावर कौतुकाने लिहिताना लेखणी अडखळते. पण ज्या अंगणात आजी-आजोबा, मुले आणि शेजारी एका बाकावर बसतात, जेथे पिणाऱ्याला पिकवणारा ओळखतो, तेथे माणूस सहसा बेताल होत नाही, असेही जुने लोक सांगतात.

जागांच्या चढत्या किमतींमुळे व्हिएन्नातील कित्येक जुनी अंगणे आज नाहीशी झाली आहेत. काही हॉयरिगर नावापुरते उरून पर्यटकांची उपाहारगृहे बनले आहेत. तरीही २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या हॉयरिगर संस्कृतीला युनेस्कोच्या ऑस्ट्रियातील अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान मिळाले. वारशाच्या सूचीत नाव आले की मनात जरा धाकधूकच होते!

नोव्हेंबरातल्या या हंगामाला नाताळानंतर आणखी एक दिवस जोडलेला आहे. २७ डिसेंबरला, प्रेषित संत योहानच्या सणाला, ऑस्ट्रियातील अनेक देवळांत मिस्सानंतर द्राक्षारसावर आशीर्वाद दिला जातो. योहानाने विषाच्या प्याल्यावर आशीर्वाद दिला आणि तो निर्विष झाला, अशी त्यामागील दंतकथा आहे. मळेवाले यंदाच्या रसाची एक बाटली घेऊन येतात. तो आशीर्वादित द्राक्षारस पूर्वी वर्षभर कपाटात जपून ठेवीत : घरातील लग्नात वधूवरांना एक घोट, दूरच्या प्रवासाला निघालेल्याला एक घोट आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अखेरचा एक घोट. काही घरांत पहिले थेंब पिंपांत परत ओतले जात, म्हणजे तळघरातला सगळा रस वर्षभर नीट राहावा. तोवर दारावरची डहाळी बहुधा सुकून तपकिरी झालेली असे, आणि टेकडीवर वेलींच्या छाटणीची वेळ जवळ आलेली असे.